चित्रावर ठिपका कुठे ठेवायचा?

पहिली ते चौथीच्या वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही किंवा स्मार्ट बोर्ड दिसणं ठाण्यात, नवी मुंबईत आता नवलाचं राहिलेलं नाही. जिथे तो नाही तिथे बाईंचा मोबाईल आणि शाळेचा एक प्रोजेक्टर असतो. या पडद्यावर दाखवण्यासारख्या गोष्टींत मला सगळ्यांत कामाची वाटते ती इंटरॅक्टिव्ह चित्रं. सगळ्यांत जास्त बिघडवलीही तीच जातात. म्हणून ती काय असतात, कशी चालतात आणि लहान मुलांच्या वर्गात ती कशी वापरावीत, हे जरा सविस्तर सांगतो.

इंटरॅक्टिव्ह चित्र म्हणजे एक साधा फोटो किंवा चित्र आणि त्यावर काही ठिपके. ठिपक्याला बोट लावलं की त्या जागेविषयी काहीतरी उघडतं. कधी नाव, कधी आवाज, कधी जवळून घेतलेला फोटो, कधी एखादा प्रश्न. ते बंद केलं की पुन्हा मूळ चित्र समोर. याचेच आणखी प्रकार आहेत. नावांच्या पट्ट्या ओढून योग्य जागी लावायच्या, सांगितलेली वस्तू चित्रात शोधून तिथे बोट लावायचं, किंवा एकाच जागेचे जुना आणि नवा असे दोन फोटो एकावर एक ठेवून मधली पट्टी सरकवत बघायचे. पण गाभा ठिपक्याचाच.

माझ्या मते ठिपका चांगला की वाईट, हे एका प्रश्नावर ठरतं. तो बंद केल्यानंतर मूल चित्राकडे आधीपेक्षा जास्त निरखून बघतं का? बघत असेल तर ठिपका कामाचा. मूल उघडलेल्या व्हिडिओतच रमलं आणि मूळ चित्र विसरलं, तर तो ठिपका चित्राच्या मुळावरच आला.

कल्पना तशी फार जुनी आहे. योहान आमोस कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी एक सचित्र पुस्तक छापलं. प्रत्येक धड्याला एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खालच्या मजकुरात त्याच आकड्यांपुढे त्या वस्तूंविषयी वाक्यं. मुलाने आकडा बघायचा, खाली वाचायचं, पुन्हा वर बघायचं. आजच्या ठिपक्याने मधली फक्त एक अडचण दूर केली. मजकूर आता खाली शोधावा लागत नाही, वस्तूच्या शेजारीच उघडतो. ही सुधारणा छोटी वाटते, पण शिकण्याच्या दृष्टीने ती मोठी आहे. ती का, ते पुढे येईलच.

आत यंत्र कसं चालतं हेही थोडक्यात समजून घ्या, कारण त्यामुळे पुढच्या बऱ्याच चुका टळतात. संगणकाला चित्रातला बगळा किंवा झाड काही कळत नाही. त्याला फक्त जागा कळते, म्हणजे डावीकडून किती आणि वरून किती. चित्र १६०० पिक्सेल रुंद असेल आणि ठिपका डावीकडून ४०० वर असेल, तर बहुतेक साधनं ‘डावीकडून २५ टक्के’ अशी नोंद करतात. मग तेच चित्र मोबाईलवर ३६० पिक्सेल रुंद झालं तरी ठिपका ९० वर, म्हणजे त्याच वस्तूवर बसतो. बोट त्या जागेच्या आसपास पडलं की ठरवलेली खिडकी उघडायची, एवढंच त्याचं काम. वेबपानांवर अशी चित्रं करण्याची सोय एचटीएमएल या वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या १९९७ च्या ३.२ आवृत्तीतच आली होती. आज फरक इतकाच, की त्यासाठी आता कोड लिहावा लागत नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ठिपके घातल्यानंतर मूळ फोटो कापू किंवा बदलू नका. टक्केवारी तीच राहते आणि खालची वस्तू सरकते. मग मासळीवर बोट लावलं की होडीची माहिती ऐकू येते. फोटो आधी हवा तसा कापून घ्या आणि ठिपके शेवटी घाला.

आता डोक्यात काय चालतं ते बघू. आपल्याला एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत साधारण चार, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याहूनही कमी. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावरून दाखवून दिलं, की शिकवण्याची मांडणीच वाईट असेल तर ही छोटी ओंजळ निरर्थक कामातच भरून जाते. वर चित्र आणि खाली परिच्छेद असला की मूल ‘क म्हणजे कुठला भाग’ हे शोधण्यातच दमतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र शिकवताना काय घडतं यावर अनेक वर्षं प्रयोग केले. शब्द त्या वस्तूच्या शेजारी असले, शिकवणं छोट्या तुकड्यांत आलं आणि पुढचा तुकडा कधी घ्यायचा हे शिकणाऱ्याच्या हाती असलं, तर समज वाढते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. ठिपक्यांच्या चित्रात या तिन्ही गोष्टी आपोआप साधतात.

मेयर यांचंच आणखी एक निरीक्षण मात्र ठिपक्यांच्या हौसेला लगाम घालणारं आहे. मजेदार पण धड्याशी संबंध नसलेली माहिती घातली, तर मुलांना ती मजेदार गोष्टच लक्षात राहते आणि मुख्य मुद्दा निसटतो. नाचणारा कार्टून पोपट, ठिपक्याला बोट लावताच वाजणारी टाळी, ‘तुम्हाला माहीत आहे का’ म्हणून चिकटवलेला विक्रम, हे सगळं याच जातीचं. तयार मिळणारी बरीच चित्रं अशा सजावटीने भरलेली असतात. मी ती वापरताना निम्मे ठिपके पुसून टाकतो.

आणखी एक नियम असा सांगतात, की पडद्यावर लिहिलेलंच मोठ्याने वाचून दाखवू नये, कारण डोळे आणि कान एकाच कामात अडकतात. मोठ्यांसाठी तो बरोबर आहे. पहिली-दुसरीच्या वर्गाला तो जसाच्या तसा लावू नये. वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाने ‘तिवर’ हा शब्द बघणं आणि त्याच वेळी कानाने ऐकणं, हाच तर तिथे वाचनाचा पाठ आहे. म्हणून लहान इयत्तांत एक-दोन शब्द लिहून सोबत बाईंचा आवाज द्यावा, आणि लांब माहिती फक्त आवाजात द्यावी. तिसरी-चौथीत दोन छोटी वाक्यं चालतात. तीन ओळींच्या पुढे गेलात तर मागच्या बाकावर कुणीही वाचत नाही.

खाडीचं एक चित्र

हे सगळं एका उदाहरणावर उतरवू. ऐरोलीच्या बाजूने ओहोटीच्या वेळी काढलेला ठाणे खाडीचा फोटो घेऊ. पुढे चिखल, चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं, कडेला तिवराची झाडी, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची रांग, मागे पुलाचे खांब आणि त्यामागे इमारती. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण या दोन तारखांसाठी ठिपका ठेवायचा नाही. त्या बाईंनी तोंडी सांगाव्यात. फोटोत जे दिसतच नाही, त्याला ठिपका कशाला?

पहिला ठिपका मुळांवर. उघडल्यावर त्याच फोटोतला तो भाग मोठा करून दाखवायचा आणि विचारायचं, ‘मुळं तर जमिनीत खाली जातात, ही वर का आली असतील?’ उत्तर लगेच द्यायचं नाही. मुलांची उत्तरं येऊन गेली की दुसऱ्या टप्प्यात सांगायचं, की या चिकट चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि ओहोटीला उघडी पडणारी ही मुळं हवेतून तो घेतात.

दुसरा ठिपका पक्ष्याच्या पायावर. ‘याचा गुडघा दाखवा.’ बहुतेक मुलं पायाच्या मधोमध उलटा वाकणारा सांधा दाखवतात. तो असतो घोटा. गुडघा वर, शरीराजवळ पिसांत झाकलेला असतो. हे कळल्यावर मुलं स्वतःच्या घोट्याला हात लावून बघतात, उभी राहून टाचा उचलतात, आणि पुन्हा चित्राकडे वळतात. ठिपक्याचं सार्थक झालं ते इथे.

तिसरा ठिपका चोचीवर. डोकं उलटं करून चोच पाण्यात घातलेली दिसेल असाच फोटो निवडायचा. वाकडी चोच उलटी धरली की ती गाळणीचं काम करते. जीभ पाणी आत-बाहेर करते आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत शेवाळ आणि बारीक जीव अडकतात. इथे पंधरा सेकंदांचा, आवाज बंद केलेला व्हिडिओ चालेल, कारण हालचाल फोटोत दिसत नाही. संपूर्ण चित्रात तेवढाच एक व्हिडिओ ठेवावा.

चौथा ठिपका पुलाच्या खांबावर. खांबाचा खालचा भाग काळपट आणि वरचा कोरडा दिसतो. ‘भरतीचं पाणी कुठपर्यंत येत असेल? कशावरून?’ याला माहितीची खिडकी नकोच, प्रश्न पुरे. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं मूल वर्गात असेल तर ते याहून जास्त सांगेल, आणि त्याला सांगू द्यावं.

आता मुद्दाम न ठेवलेला ठिपका. रोहित पक्ष्यांच्या थव्यात बहुतेक वेळा एखादा करडा पक्षी असतो. तो पिलू असतो, अजून गुलाबी न झालेला. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि अंगात मुरायला वेळ लागतो. त्या करड्या पक्ष्यावर ठिपका ठेवायचा नाही. ठिपक्यांची सवय झालेली मुलं ठिपक्यांपुरतंच बघायला लागतात, हा या साधनाचा सगळ्यांत मोठा दोष आहे, आणि त्यावर उपाय हाच. प्रत्येक चित्रात एक महत्त्वाची गोष्ट कुठलीही खूण न करता सोडून द्यावी. कुणीतरी ओरडतंच, ‘बाई, तो एक वेगळाय!’ मग त्या पक्ष्यावर वर्गासमोरच ठिपका ठेवावा आणि त्या मुलालाच विचारावं, इथे काय लिहू या?

खाडी इतक्या जवळ असताना फोटो कशाला, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात वर्ग नेता येत असेल तर आधी तिकडे जावं. तिवराच्या पानावर बोट फिरवलं की मिठाचे कण हाताला लागतात, चिखलाचा वास येतो, निवटी हे मासे चिखलावरून उड्या मारताना दिसतात. पडद्याला यातलं काही जमत नाही. चित्र उपयोगी पडतं ते जाऊन आल्यावर. तिथे धावत्या नजरेने पाहिलेलं इथे थांबून बघता येतं.

चाळीस मुलं, एक पडदा

ज्या देशांत प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असतो तिथल्या पद्धती आपल्या वर्गात तशाच चालत नाहीत. आपल्याकडे पडदा एक आणि मुलं चाळीस. एकेका मुलाला बोलावून ठिपका उघडायला लावलं तर एक जण शिकतो आणि बाकीचे आपली पाळी कधी येणार याची वाट बघतात.

याला मला पटलेला मार्ग असा. सुरुवातीला एकही ठिपका नसलेलं चित्र दाखवायचं, आणि बाईंनी दोन मिनिटं काही समजावून सांगायचं नाही. मग तीन प्रश्न. या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी संग्रहालयांत मुलांना चित्रं बघायला शिकवताना हेच प्रश्न घडवले, आणि ते पहिलीपासून चालतात. यातला ‘कशावरून’ हा प्रश्न सोन्यासारखा आहे. मुलाला पुन्हा चित्राकडे पाठवायला एवढा एक शब्द पुरतो.

त्यानंतर ठिपक्यांचं चित्र. ठिपका उघडण्याआधी सगळ्यांनी आपापलं उत्तर पाटीवर लिहायचं किंवा काढायचं आणि पाट्या वर धरायच्या. चाळीस उत्तरं बाईंना एका नजरेत दिसतात. मगच एका मुलाने पुढे येऊन बोट लावायचं. अशा वेळी उत्तर चुकलेलं मूलही ठिपका उघडण्याची आतुरतेने वाट बघतं, कारण त्याने आधी काहीतरी पणाला लावलेलं असतं.

स्मार्ट बोर्डवर आणखी एक गोष्ट जपा. पहिलीच्या मुलाचा हात बोर्डाच्या वरच्या भागाला पोचत नाही. ठिपके खालच्या निम्म्या भागात येतील असा फोटो निवडा, नाहीतर हातात लांब पट्टी द्या. मोबाईल किंवा टॅबवर ठिपका निदान ९ मिलिमीटर रुंद हवा. अँड्रॉइडवर ॲप बनवणाऱ्यांना मोठ्यांच्या बोटांसाठीही एवढंच माप सुचवलेलं असतं. लहान मुलांचं बोट नेमकं पडत नाही, म्हणून आणखी मोठा ठेवला तरी बिघडत नाही. दोन ठिपके चिकटून नकोत. रंगाकडेही लक्ष द्या. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि हिरव्या झाडीवरचा लाल ठिपका त्यांना पटकन सापडत नाही. काळ्या कडेचा पांढरा गोल सगळ्यांना दिसतो.

कुठल्या साधनाने करायचं

या प्रश्नावर शिक्षकांच्या गटांत खूप वेळ जातो, इतका जायला नको. ठिपक्यांची चित्रं करून देणाऱ्या सेवा बऱ्याच आहेत. फिनलंडमधून आलेली थिंगलिंक, स्पेनमधून आलेली जेनिअली आणि मुक्त स्रोत असलेली, नॉर्वेत घडलेली एचफाइव्हपी ही त्यांतली ओळखीची नावं. आपल्याकडे दीक्षा हा सरकारी मंच २०१७ पासून आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच नेतात.

पण सुरुवात करायला पॉवरपॉइंट किंवा गुगल स्लाइड्स उत्तम. पहिल्या स्लाइडवर नुसता फोटो. दुसऱ्यावर तोच फोटो आणि त्यावर गोल. प्रत्येक गोलाला लिंक द्यायची ती त्याच फाइलमधल्या पुढच्या एखाद्या स्लाइडची, आणि त्या स्लाइडवर परत येण्याचं बटण. पॉवरपॉइंटमध्ये एक खूण बदलायला विसरू नका. ट्रान्झिशन्स या भागात ‘ऑन माउस क्लिक’ ही खूण काढून टाका. ती राहिली तर ठिपका सोडून कुठेही बोट लागलं तरी पुढची स्लाइड येते आणि वर्गात गोंधळ होतो. ठिपक्यामागच्या स्लाइडवर शक्यतो त्याच फोटोचा मोठा केलेला तुकडा ठेवा, इंटरनेटवरचा दुसरा पक्षी नको. मूल तेव्हा त्याच चित्रात आत शिरतं. पॉवरपॉइंटमध्ये आवाज आणि व्हिडिओ फाइलमध्येच ठेवले तर नेट नसलं तरी अडत नाही, आणि ज्यांनी शाळेच्या वायफायवर विसंबून धडा घेतलाय त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

हात बसला की एचफाइव्हपीकडे वळा. ‘शोधून बोट लावा’, ‘ओढून लावा’ आणि ‘जुना-नवा सरकता फोटो’ हे प्रकार त्यात तयार मिळतात, आणि लुमी नावाचं मोफत ॲप संगणकावर घेतलं तर ते नेटशिवायही चालतं. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

फोटो गुगलवर शोधून उचलू नका. स्वतः मोबाईलवर काढलेला सगळ्यांत चांगला, कारण मुलांना ती जागा ओळखीची असते. नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि छायाचित्रकाराचं नाव व परवाना कोपऱ्यात लिहा. भारतात छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे ठाण्याच्या रेल्वेचे खूप जुने फोटो मोकळेपणाने वापरता येतात. बोरीबंदरहून निघालेली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात पोचली. लवकरच कल्याणच्या दिशेने खाडीवर पूल झाला. त्या काळातल्या फोटोवर चौथीच्या मुलांना ‘आज यातलं काय शिल्लक आहे?’ एवढा एकच ठिपका पुरतो.

सरकत्या फोटोचा नवी मुंबईत तर फारच चांगला उपयोग आहे. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं दिसतात. वाशी, बेलापूर, उलवे यांची जुनी आणि नवी चित्रं एकावर एक ठेवली की चौकोनी शेतं आणि मिठागरं जाऊन तिथे सेक्टर कसे उभे राहिले, ते मूल स्वतःच्या बोटाने सरकवून बघतं. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १९७० ची, आणि शहरासाठी ९५ गावांची जमीन लागली. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजोबांचं शेत त्या चौकोनांपैकी एक असू शकतं. तिथे ‘शहराचा विकास’ असं लिहिलेला ठिपका चिकटवून मोकळं होऊ नये. ‘इथे कोण राहत होतं? घरी विचारून या,’ असं म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी वेळ काढून ऐकावं.

मुलांनी केलेली चित्रं

आतापर्यंत बाईंनी केलेल्या चित्रांविषयी बोललो. मुलांनी स्वतः चित्रं केली की खरा फरक पडतो. तिसरीत आपला जिल्हा, आपला परिसर हे विषय येतात. चार-पाच जणांच्या गटाने कार्डशीटवर आपल्या जागेचं चित्र काढायचं. तलावपाळी, एपीएमसी बाजार, आपली चाळ, जे जवळचं असेल ते. आधी कागदावरच कागदी झडपा चिकटवायच्या, उचलली की खाली उत्तर. हे झालं की मोबाईलवर चित्राचा फोटो घ्यायचा आणि झडपांच्या जागी ठिपके ठेवायचे. ज्या शाळेत पडदाच नाही तिथे कागदी झडपांवर थांबलं तरी काही बिघडत नाही. शिकणं तेच.

अट एकच ठेवायची, ठिपके फक्त चार. दहा गोष्टी सुचलेल्या असतात आणि त्यातून चार निवडायच्या म्हटल्यावर गटात वाद सुरू होतो. भाजीवाल्याला ठिपका द्यायचा की हमालाला? का? हा वाद बाईंनी मिटवू नये. महत्त्वाचं काय, ते का, दुसऱ्याला काय माहीत नसेल, याचा विचार आठ वर्षांचं मूल एरवी कधी करतं?

ठिपक्यातला आवाज मुलांचा असावा, आणि त्यांच्या घरच्या भाषेतला असला तर आणखी चांगलं. आपल्या वर्गांत आगरी बोलणारी मुलं असतात, तशी हिंदी, कन्नड, तेलुगू, भोजपुरी बोलणारीही. मासळीच्या चित्रावर जिताड्याचा ठिपका उघडला आणि कुणाची तरी आजी तो कसा पकडतात हे आपल्या बोलीत सांगते, असं ऐकलं की पुस्तकातली ‘परिसर’ ही गोष्ट मुलांना स्वतःची वाटू लागते. एरवी न बोलणारं मूल रेकॉर्डिंगसाठी मात्र चार-चार वेळा तेच वाक्य म्हणून बघतं. पुन्हा म्हणण्याची मुभा आहे म्हणूनच ते बोलतं. वाचन आणि बोलणं सुधारण्याचा इतका सोपा मार्ग मला दुसरा माहीत नाही.

इथे पालकांच्या परवानगीचा प्रश्न येतो, तो हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल अल्पवयीन धरलं आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घ्यावी, आणि मुलांवर पाळत ठेवू नये किंवा त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. म्हणून मुलांची खाती उघडू नका, एकच खातं शिक्षकांचं. चित्रात मुलांचे चेहरे नकोत, आवाजासोबत नाव नको, आणि घराचा फोटो असेल तर पत्ता किंवा गाडीचा नंबर दिसणार नाही असं बघा. फाइल शाळेच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेलं रेकॉर्डिंग परत बोलावता येत नाही.

मुलं शिकली का, हे बघायला वेगळी परीक्षा लागत नाही. दोन दिवसांनी तेच चित्र ठिपक्यांशिवाय पडद्यावर लावा, आणि एकेका मुलाला पट्टी देऊन म्हणा, ‘इथे काय होतं ते सांग.’ आठवून सांगताना शिकलेलं पक्कं होतं, हे बऱ्याच प्रयोगांतून दिसून आलं आहे. बाईंनाही त्यातून हिशोब मिळतो. सगळ्यांना आठवलेला ठिपका तसाच ठेवावा. व्हिडिओ आठवतो पण तो कशाचा हे आठवत नाही, अशा ठिकाणी व्हिडिओ काढून प्रश्न ठेवावा. आणि जो ठिपका कुणालाच आठवला नाही, तो पुढच्या तुकडीसाठी चित्र उघडण्याआधी पुसून टाकावा.